उदाहरणादाखल निहार

१

जेवण झालं, अडकित्त्यानं सुपारी कातरून झाली, की नीळकंठराव पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचे आणि दुपारी अडीचपासून पाच वाजेपर्यंत शब्द लिहायचे. घरात लग्न असतं तरी बसले असते. विमलताई म्हणायच्या, "यांना स्वर्गात नेलं ना, तरी आधी टेबल कुठंय ते विचारतील."

पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं भाषा शिकवल्या. हौस म्हणून इटालियनही शिकले, पण ती कधी कुणाच्या उपयोगी पडली नाही. मग मुलाला, निहारला, इंदापूर तालुक्यात लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली. बारामतीत घर घेतलं आणि दोघं म्हातारी त्याच्याकडे राहायला आली. सत्त्याण्णव साली त्या कारखान्यात इटलीहून यंत्रं उतरली. पाट्या इटालियन, पुस्तकं इटालियन, आणि कालपरवापर्यंत मेंढरांमागं फिरलेली आसपासची माणसं त्या बटणांकडे बघत उभी. निहार साहेबांना सांगून मोकळा झाला, "माझ्या बाबांना येते की ही भाषा!"

झालं. नीळकंठरावांना काय, आंधळ्याला डोळा मिळाल्यासारखं झालं. तीन महिन्यांत साडेचारशे शब्दांची पुस्तिका तयार. इटालियन शब्द, मराठी अर्थ, आणि प्रत्येक शब्दाखाली एक उदाहरणाचं वाक्य, त्याशिवाय शब्द अंगात मुरत नाही असं त्यांचं मत. आणि वाक्यात माणूस लागतो. साडेचारशे परकी माणसं कुठून आणायची? त्यांनी आपली घरचीच घेतली. विमलनं पाणी तापवलं. निहार गाडी पुसतो. सून अबोली जिना चढते. अबोली आता सातव्या महिन्यात होती आणि फलटणला माहेरी गेली होती, तरी पुस्तिकेत ती जिने चढतच होती.

पुस्तिका छापून आली, पन्नास प्रती कामगारांना पुरल्या नाहीत, आणि लिहिणाऱ्याला एकही मिळाली नाही. "देतो बाबा, देतो," म्हणत निहारनं दोन महिने काढले. मागच्या अंगणातली पाण्याची मोटर कुरकुरायची, तिच्याबद्दलही त्याचं हेच. "सुट्टी मिळू दे, बघतो." सुट्टी काही मिळत नव्हती.

काम संपलं तरी म्हाताऱ्याची चटक संपली नाही. आता स्वतःसाठी मोठा कोश सुरू झाला होता. पुठ्ठ्याची कार्डं, लाकडी खोका, रोज दहा शब्द. आणि त्या आठवड्यात गाडी एका शब्दापाशी अडली होती.

फातीदिको.

२

विशेषण होतं. लॅटिनमधले दोन तुकडे जोडून झालेलं. मागचा तुकडा 'सांगणारा'. पुढचा तुकडा म्हणजे दैव, पण त्याच्या पोटात शिरलं तर मूळ अर्थ निघत होता 'बोललं गेलेलं'. जे आधीच बोलून झालंय, ते सांगणारा. पहिला अर्थ सरळ होता, भविष्य सांगणारा. दुसरा अर्थ वेगळाच. ज्यावर सगळं ठरतं असा, मग तो दिवस असेल, घटका असेल. तिसरा थट्टेतला, ज्याची सगळे वाट बघून दमले आणि जो अखेर उगवला असा. लग्नाची तारीखसुद्धा इटलीत या शब्दानं चिडवतात.

नीळकंठरावांना खुपत होतं ते एवढंच की, हा शब्द सांगणाऱ्या माणसावरून उठून दिवसावर जाऊन बसला कसा? अर्थ तिन्ही लिहिले. उदाहरण सुचेना. चार दिवस कार्ड तसंच पडलं होतं.

सोमवारी संध्याकाळी निहार घरी आला तोच हसत. "आई, तू आमच्या कंपनीत प्रसिद्ध झालीस! रोज सकाळी आठला पुस्तिकेचं एक पान सगळ्यांनी मोठ्यानं वाचायचं, असं साहेबांनी पुस्तिका आल्यापासून लावून दिलंय. आज दीडशे माणसं एका सुरात ओरडली, 'विमलची लोणच्याची बरणी फुटली आहे!'"

विमलताई पोळी लाटत होत्या. त्यांचा हात थांबला.

"फुटलीच की रे," त्या म्हणाल्या. "सकाळी आठलाच. फळीवरून खाली आली. मी हातसुद्धा लावला नव्हता."

निहार खो खो हसला. विमलताईही हसल्या. "अहो, तुमच्या पेनाच्या जिभेवर काळा तीळ आहे हो!"

नीळकंठरावही हसले. फळी वाकडी होती हे त्यांना ठाऊक होतं. बरणी पडणारच होती, कधीतरी. वाक्य त्यांनी मार्गशीर्षात लिहिलं असतं तरी पडली असती. असं मनाशी म्हणून ते जेवले, आणि ताक प्यायचं विसरले.

३

मंगळवारी सकाळी गजराचं घड्याळ आठला पाच कमी असताना बंद पडलं. नीळकंठराव टेबलाशी गेले, कंपनीच्या कामाच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा काढला आणि 'गजराचं घड्याळ' हा शब्द शोधला. आपलं अक्षर. 'आमचं घड्याळ आठ वाजायच्या आत थांबलं.'

आता माणूस शिकलेला. त्यानं मनाला समजावलं की घड्याळ चौदा वर्षांचं आहे, किल्ली द्यायची राहिली असेल. किल्ली देऊन बघितली. घड्याळ चालू झालं. कार्ड मात्र त्यांनी गठ्ठ्यात परत ठेवलं नाही.

कारखान्यात निहारच्या हाताखाली भिमा नावाचा धनगराचा तरुण होता. त्याचा बाप म्हस्कू सुप्याच्या माळावर बिरोबाच्या जत्रेत दरवर्षी भाकणूक सांगायचा. ढोल थांबवतात, म्हातारा पुढं येतो, आणि येत्या वर्षाचं पाऊसपाणी, पीक, रोगराई सांगतो. नीळकंठरावांनी स्वतःला बजावलं की आपण जातोय ते शब्दासाठी. 'भविष्य सांगणारा' याला जिवंत मराठी शब्द हवा. बुधवारी सकाळच्या एसटीनं ते सुप्याला गेले.

म्हस्कूआबा दारात घोंगडीवर बसला होता. समोर मेंढरांचा वाडा होता, काट्याचं कुंपण शाबूत, आत एक शेळी.

"या मास्तर. भिमा म्हणला व्हता तुमी येनार म्हून."

नीळकंठरावांनी शब्दाची सगळी कुळकथा सांगितली. भविष्य सांगणारा माणूस, आणि सगळं ठरवणारा दिवस. दोघांना एकच शब्द कसा, आबा?

म्हस्कूआबानं तंबाखू मळली. "त्यात काय हाय? मी सांगतो आन इसरतो. ज्या दिसाचं सांगितलं त्यो दीस इसरत न्हाय."

ही व्याख्या कुठल्याच कोशात नव्हती. नीळकंठरावांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवून दिलं.

"सांगताना पथ्य काय पाळता?"

"एकच. नाव घ्यायचं न्हाय. पिवळं पिकंल, तांबडं जळंल, उगवतीला रडू हुईल, आसं बोलायचं. गावाचं नाव न्हाय, मानसाचं न्हाय. आन आपल्या घरचं तर मुळीच न्हाय."

"आणि घेतलं तर?"

म्हातारा वाड्याकडे बघत राहिला. शेळी ओरडली. "माझ्या थोरल्याचं आलं व्हतं एकदा तोंडात. चांगलंच बोललो व्हतो. म्हणलं, राम घोड्यावर बसून यील."

"मग?"

"आला की. घोड्यावर घालूनच आनला." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "मग मेंढरं इकली आमी. कुनाला वळायची व्हती?"

नीळकंठराव उठले. म्हस्कूआबानं मागून विचारलं, "मास्तर, तुमी कुनाचं नाव घेतलंय?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या. काय सांगणार? साडेचारशे वाक्यं!

४

घरी आले तेव्हा विमलताईंच्या बोटाला फडकं बांधलेलं होतं. विळीवर कांदा चिरताना कापलं म्हणाल्या. कधी? सकाळी, आठच्या सुमाराला. नीळकंठरावांना कार्ड काढायची गरज नव्हती. 'काप. विमलच्या बोटाला काप गेला.' शब्द यंत्राच्या पात्यासाठी दिला होता.

तरी ते टेबलाशी बसले आणि उरलेली कार्डं पुढं ओढली. उद्याचं पान शेवटचं. अकरा शब्द. त्यांनी एकेक कार्ड उलटं पालटं करून वाचलं. 'नळ उघडा आहे.' 'अबोली हळू चालते.' चालू दे, बाई, हळूच चालू दे. 'वारा सुटला.' खोलीत पंखा नव्हता चालू, लाईट गेलेली होती. त्या हिवाळ्यात लाईट सकाळी जायची आणि मनात येईल तेव्हा यायची. शेजारच्या रेडिओचा आवाज नव्हता, मोटरीची कुरकुर नव्हती. फक्त कार्डं एकावर एक पडल्याचा आवाज.

शेवटून दुसरं कार्ड.

'रिकामा. निहारची खुर्ची रिकामी आहे.'

हे कधी लिहिलं? लिहिलं असेल. निळी शाई, आपलंच वेलांटीचं वळण. त्या वेळी काय डोक्यात होतं? काहीही नव्हतं. निहार ऑफिसला गेला होता, समोर त्याची वेताची खुर्ची होती, म्हणून लिहिलं. शिव्याशाप देऊन लिहिलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

संध्याकाळी निहार आला. जेवताना नीळकंठराव सहज विचारावं तसं म्हणाले, "ते सकाळचं वाचन बंद नाही का करता येणार? उद्यापुरतं?"

"बाबा, उद्या शेवटचं पान! साहेब पेढे वाटणार आहेत. आणि तुम्हीच नको म्हणता?"

"पुस्तिकेत चुका राहिल्यात रे."

"असू देत की. दीडशे माणसांना तुमच्या वाक्यांनी याड लावलंय. लोकांना आईचं नाव पाठ झालंय." तो भात कालवत होता. भिगवणच्या रस्त्यावर आज उसाच्या ट्रॉलीनं एक मोटारसायकल कशी घासली, ते त्यानं मजेत सांगितलं. रोज जाता-येता त्याच रस्त्यानं तोही मोटारसायकलवर जायचा. नीळकंठरावांनी ताट बाजूला सारलं.

दीडशे तोंडं बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं. रस्ता बंद करणं होतं.

५

गुरुवारी सकाळी सव्वासहाला निहार बूट घालत असताना नीळकंठरावांनी छातीवर हात दाबला आणि कॉटवर आडवे झाले. आयुष्यात कधी नाटक केलं नव्हतं. पण त्या दिवशी असं केलं की विमलताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"डॉक्टरांना आणतो," निहार म्हणाला.

"डॉक्टर नको. तू थांब. तू नुसता घरात थांब." त्यांनी त्याचं मनगट धरलं ते सोडेनात.

निहारनं कंपनीत फोन केला. बूट काढले. आठ वाजले. नीळकंठराव छताकडे बघत पडले होते. आत्ता तिकडं, तीस-पस्तीस मैलांवर, दीडशे माणसं म्हणत असतील. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, अंगणात नळ ठिबकला, आणि निहारनं शेजारच्या खोलीत जांभई दिली. आठ वाजून दहा मिनिटं. जांभई! इतका सुंदर आवाज त्यांनी साठ वर्षांत ऐकला नव्हता.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. तिकडं ऑफिसात निहारची खुर्ची खरोखरच रिकामी होती. वाक्य खरं झालं होतं! काही न होता, कुणाचा केससुद्धा वाकडा न होता खरं होऊन संपलं होतं. ते उठून बसले.

"बरं वाटतंय?" विमलताईंनी विचारलं.

"अगं, उत्तम वाटतंय! शिरा कर."

"छातीत दुखतंय म्हणून शिरा?" त्या डोळे पुसत रागावल्या, आणि शिरा करायला गेल्या.

नऊला लाईट गेली. निहार बाहेरून डोकावला, हातात पान्यांची पिशवी. "आता घरी आहेच, तर मोटरीचं बघून टाकतो. लाईट नाही तोवर उरकतं." वेताची खुर्ची उचलून तो मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळानं पान्यांचा टिणटिण आवाज यायला लागला, आणि मधूनमधून त्याचं शीळ घालणं.

नीळकंठराव टेबलाशी बसले. वेळ सकाळची, तरी बसले. अडलेलं कार्ड समोर घेतलं. आता त्यांना उदाहरण सुचलं होतं. म्हस्कूआबाचं पथ्य पाळून, एकही नाव न घेता, त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं:

'त्या दिवशी बापानं मुलाला घरीच ठेवलं.'

मागून शीळ येत होती. त्यांनी शाई वाळू दिली.

६

बाराच्या आधी दारात जीप थांबली. भिमा होता. घाम पुसत आत आला, नीळकंठरावांना टेबलाशी बसलेलं बघून त्याला हायसं वाटलं.

"सर, साहेबांनी गाडी दिऊन धाडलंय. म्हणले पुन्याला न्यायचं आसंल तर न्या."

"नको रे बाबा, बरा आहे मी. बस. शिरा खा."

विमलताईंनी बशी आणून ठेवली. भिमानं पेढ्यांचा पुडा दिला आणि त्याच्यावर पिवळ्या कव्हराची पुस्तिका. "ही तुमची प्रत. आज शेवटचं पान झालं म्हून साहेबांनी सोताची दिली. सर, आज काय झालं म्हायतीय का? सगळी म्हणली, निहारची खुर्ची रिकामी हाय, आन बघत्यात तर खुर्ची खरंच रिकामी! पोटं धरून हसली मानसं."

"हसू देत," नीळकंठराव म्हणाले. तेही हसले. आठवड्यात पहिल्यांदा मनापासून.

पुस्तिका त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतली होती. कागद बरा होता. छपाईच्या चुका बघायच्या म्हणून ते सवयीनं पानं चाळू लागले, आणि त्या दिवसांत कोशाचं काम ज्या इटालियन अक्षरापाशी अडलं होतं, तिथंच हात थांबला. पान अकरा. 'थकवा' हा शब्द होता, तो त्यांनी दिला होता. खाली 'गाळणी' होता, तोही दिला होता. त्या दोघांच्या मध्ये आणखी एक शब्द होता.

फातीदिको.

हा त्यांनी कंपनीला दिला नव्हता. यंत्रावर कशाला असेल हा शब्द? तिन्ही अर्थ होते, ज्या क्रमानं आठवडाभरापूर्वी कार्डावर लिहिले होते त्याच क्रमानं. खाली उदाहरण. त्यांनी समोरचं कार्ड आणि छापलेली ओळ शेजारी शेजारी धरली. कार्डावरची शाई आज सकाळची होती.

'त्या दिवशी नीळकंठनं निहारला घरीच ठेवलं.'

"भिमा," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "हे पान कधी वाचलंत?"

भिमानं वाकून पाहिलं. "अकरावं? लई दीस झालं, सर. दिवाळीच्या आदी. का? काय चुकलंय व्हय?"

डोक्यावरचा पंखा एकदा कुरकुरला आणि फिरायला लागला. कार्ड टेबलावरून उडून खाली पडलं. शेजारच्यांचा रेडिओ मध्येच बोलू लागला. मागच्या अंगणात मोटर चालू झाली, आणि ती कुरकुरत नव्हती. एकाच सुरात घुमत होती. पान्यांचा आवाज थांबला होता. शीळ केव्हा थांबली ते नीळकंठरावांना सांगता आलं नसतं.

"निहार!" विमलताईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "लाईट आली रे! झालं का तुझं?"

मोटर घुमत राहिली.

"मोटर सुरू झाली वाटतं," भिमा कौतुकानं म्हणाला आणि शिऱ्याचा घास घेतला.

नीळकंठरावांनी मुलाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि स्वतःच्याच हातानं ते घट्ट दाबून धरलं. बसल्या जागेवरून बोळातलं मागचं दार दिसत होतं. दारापलीकडे ऊन होतं. उन्हात वेताची खुर्ची होती. तिच्यावर घडी घातलेला पेपर, पेपरावर निहारचा चष्मा. खुर्चीच्या पायापाशी, फरशीवर, पाणी पसरत चाललं होतं आणि त्यात एक चप्पल होती.

विमलताई पदराला हात पुसत, "ओ सुद्धा देत नाही बघा हा मुलगा," असं म्हणत मागच्या दाराकडे गेल्या. त्यांनी उंबरा ओलांडला. त्या अजून ओरडल्या नव्हत्या.